शेवटच्या पानावरचा उशीर

सर्व्हर चालू असतो तेव्हा त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या माणसांची कुणाला आठवण येत नाही, आणि तो बंद पडला की त्याच माणसांच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. गिरिजा बिराजदारला दोन्हींची सवय झाली होती. पुण्यात बाणेरच्या एका इमारतीतून ‘सेवाघर’चा कारभार चालायचा, तिथे ती सर्व्हरची नाडी बघायला होती. आलेल्याला उत्तर द्यायला तो किती वेळ लावतो, त्याच्यावर ओझं किती आहे, रांग कुठे तुंबली आहे, हे ती दिवसभर पडद्यावर बघायची आणि झोपेत पुन्हा बघायची. लग्न केलं नव्हतं. ठरवणाऱ्यांनीच दमून नाद सोडला होता.

हे सेवाघर काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण ते अजून यायचं आहे. वीजबिल, गॅस, पेन्शन, दवाखान्याची वेळ, रुग्णवाहिका, सगळं एकाच दारातून. घरटी एक खातं, खात्याला एक कुटुंबप्रमुख आणि त्या प्रमुखाचा अंगठा. ओटीपीच्या फसवणुकीत लोक पार नागवले गेले, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यातून हा अंगठा निघाला. अर्ज घरातल्या कुणीही भरावा, पण शेवटच्या पानावरचं ‘मंजूर’ हे बटण प्रमुखाच्या अंगठ्याशिवाय हलायचं नाही. रुग्णवाहिकेलासुद्धा हाच नियम. फुकट गाडी येते म्हटल्यावर लोक तिच्यातून वऱ्हाड न्यायला लागले, तेव्हा तिच्यावरही अंगठा बसला. आपल्याकडे एकानं शेण खाल्लं की नियम सगळ्यांना लागतो.

आणि नेमकं त्या शेवटच्या पानावरच काहीतरी अडत होतं.

“सगळी पानं धडाधड उघडतात आणि शेवटच्या पानावर माणसं ताटकळतात,” केळुसकर म्हणाले. ते तिचे वरिष्ठ, मूळचे वेंगुर्ल्याचे. रागावले की त्यांचा आवाज चढायच्या ऐवजी उतरायचा, आणि त्या शनिवारी सकाळी तो फारच उतरला होता. “कुणी अर्धा तास थांबतंय, कुणी चार तास, कुणी अर्ज टाकून निघून जातंय. अंगठा ओळखणारी यंत्रं दुप्पट केली तरी फरक शून्य. वर काय उत्तर देऊ मी?”

“सर, यंत्रावर ओझंच नाहीये. ते रिकामं बसलंय.”

“मग उशीर काय आभाळातून पडतो?”

 चांगल्या नाडीपरीक्षकाला रोगी दिसावा आणि रोग सापडू नये, तशी गिरिजाची महिनाभर चिडचिड चालली होती. ती तालमीच्या सर्व्हरकडे वळली.

तालमीचा सर्व्हर ही सेवाघरची खरी करामत होती. पूर्वी सर्व्हर तपासायचा तर दर मिनिटाला एक खोटा पाहुणा पाठवायचे. तो दार वाजवून विचारायचा, आहेस का? आतून ‘ओ’ किती वेळात आली ते मोजायचं, झालं. पण खोटा पाहुणा फार शहाणा असतो. तो चुकीचं बटण दाबत नाही, दूध उतू चाललंय म्हणून अर्धा अर्ज टाकून उठत नाही, राग आला म्हणून एकच बटण दहादा बडवत नाही. खरी माणसं हे सगळं करतात, आणि त्यांनीच सर्व्हर कोसळतो.

मग एक शोध लागला. माणूस पडद्यावर बोट कसं फिरवतो, कुठे थबकतो, कुठल्या पानावरून माघारी जातो, हे त्याच्या चालीइतकंच त्याचं स्वतःचं असतं. वर्षभराच्या अशा खुणा संगणकातल्या एका छोट्या प्रारूपाला शिकवल्या, तर ते त्या माणसासारखं वागू लागतं. नुसतं वागत नाही, पुढेही चालतं. आज गुडघेदुखीबद्दल वाचणारा उद्या मलम शोधणार आणि परवा डॉक्टरची वेळ घेणार, हे त्याला बऱ्यापैकी जमतं. राजी असलेल्या चाळीस हजार घरांची अशी प्रारूपं बनवली, सेवाघरचीच नक्कल असलेला एक तालमीचा सर्व्हर उभा केला, त्याचं घड्याळ पाच दिवस पुढे लावलं आणि त्यात ही मंडळी सोडली. खरा सर्व्हर पाच दिवसांनी कुठे कण्हणार ते आजच कळायला लागलं. कागदोपत्री त्यांचं नाव ‘वर्तनप्रतिरूप’ होतं, ऑफिसात सगळे त्यांना ‘सोंगं’ म्हणायचे. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं येत नाही, असं केळुसकर पगारवाढीच्या दिवसांत मुद्दाम म्हणून दाखवायचे.

सोंगांबाबत एक नियम मात्र कडक होता. सोंग कुणाचं, हे बघायचं नाही. प्रमुख पुरुष की बाई, वय किती आणि गाव कुठलं, एवढंच दिसायचं. अर्ज ज्याच्यासाठी, त्याचं नाव, वय, लिंग सगळ्यावर काळी पट्टी. पट्टी काढायची किल्ली गिरिजाकडे असायची, पण ती सर्व्हर पेटला तर वापरायची. एरवी वापरली तर नोकरी जाणार आणि वर खटला भरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गिरिजानं शेवटच्या पानावर सर्वांत जास्त रेंगाळणारं एक सोंग पकडलं आणि त्याचा माग काढत बसली. प्रमुख पुरुष, वय बहात्तर, सोलापूर शहर. रोज सकाळी पहिलं पान पुण्याच्या हवेचं आणि पावसाचं. मग एसटीच्या निवृत्तांची पेन्शन, वीजबिल, पाण्याची वेळ. अक्षरं नेहमी मोठी करून वाचलेली. आणि दर शुक्रवारी एक चमत्कारिक पान, बाणेरच्या एका सोसायटीतल्या पाणीकपातीची सूचना.

ती तिचीच सोसायटी होती.

गिरिजानं खुर्ची मागे सरकवली. तिचे अप्पा, शिवलिंग बिराजदार, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहणारे. कर्मचाऱ्यांनी आपापली घरं प्रयोगाला द्यावीत असं ऑफिसनं सांगितलं, तेव्हा तिनंच त्यांचा अंगठा घेतला होता. फोनवर ‘कशी आहेस’ एवढंही न विचारणारे, ‘थांब, अव्वाला देतो’ म्हणून आईकडे फोन सरकवून सुटका करून घेणारे अप्पा रोज उठून आधी लेकीच्या गावची हवा बघतात? तिला हुंदकाच फुटला. शेजारच्याला तिनं डोळ्यात काहीतरी गेल्याचं सांगितलं.

मग तिनं पुढचं पाहिलं. मागचे दोन आठवडे पित्त, झोप न लागणं, दाढदुखी, पाठीत कळ, अशी पानं उघडलेली. एका हृदयरोग दवाखान्याच्या वेळा पुन्हा पुन्हा बघितलेल्या. आणि येत्या गुरुवारी दुपारी सोंगानं रुग्णवाहिकेचं पान उघडलं होतं. अर्ज भरला. शेवटच्या पानावर थांबलं. मागे गेलं, पुन्हा अर्ज भरला, पुन्हा थांबलं. संध्याकाळपर्यंत हेच. बटण एकदाही दाबलेलं नव्हतं, आणि नंतर काहीच नव्हतं. रुग्णाच्या नावावर काळी पट्टी होती. किल्ली वापरावी असं गिरिजाच्या मनातही आलं नाही, कारण नाव तिला माहीतच होतं.

तिनं लगेच फोन लावला.

“अप्पा, तब्येत कशी आहे?”

“मला काय धाड भरलीय?” अप्पा म्हणाले. “थांब, अव्वाला देतो.”

“अव्वाला नको, तुम्हीच बोला. छातीत दुखतं का? जळजळ?”

“काय येड लागलंय का तुला? आत्ता चार भाकऱ्या हाणल्या. घे गं, ही पोरगी काय विचारायलीय बघ.”

महानंदा बिराजदार, म्हणजे तिची अव्वा, फोनवर आली. “बरं हायत की ते. तू जेवलीस का?”

“अव्वा, ते लपवतात. लक्ष ठेव त्यांच्यावर.”

“बरं,” अव्वा म्हणाली.

रविवारी गिरिजाची पाळी होती. ती कशीबशी संपवून सोमवारी ती सोलापुरात हजर झाली. सोंगाचं खरं सांगणं नियमात बसत नव्हतं आणि सांगून वर घाबरवायचं कशाला, म्हणून तिनं थाप मारली, ऑफिसकडून वडलांची तपासणी फुकट आहे. फुकट म्हटल्यावर अप्पांना जास्तच संशय आला. दोन दिवस त्यांनी नन्नाचा पाढा लावला. गिरिजा त्यांच्या मागे सावलीसारखी फिरत राहिली. जिना चढताना त्यांचा श्वास ऐकायची, ते वामकुक्षीला पडले की छाती वरखाली होते का ते दारातून बघायची. निवृत्तांच्या मंडळात पत्ते खेळायला गेले की तिथेही टपकायची. अप्पांचे दोस्त हसायला लागले.

या दोन दिवसांत अव्वा एका बाजूनंच घास चावत होती. दाढेखाली लवंग धरली होती. दुपारी कधी न लवंडणारी बाई दोन्ही दिवस भिंतीकडे तोंड करून पडली. गिरिजाला हे सगळं दिसलं आणि काहीच दिसलं नाही.

बुधवारी संध्याकाळी अप्पा एकदाचे कबूल झाले. अव्वा शेंगाच्या पोळ्या लाटत होती. पाठ न वळवताच तिनं विचारलं, “फुकट आहे तर माझी पण होती का तपासणी?”

“तुझी पुढच्या महिन्यात करू अव्वा. आधी अप्पांची होऊ दे.”

“बरं,” अव्वा म्हणाली आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.

गुरुवारी सकाळी निघताना अप्पा नेहमीप्रमाणे फोन घरीच ठेवून चालले होते. तो त्यांना लोढणं वाटायचा. “दवाखान्यात लागेल, घ्या बरोबर,” म्हणून गिरिजानं तो स्वतःच्या पर्समध्ये टाकला. घर बघायला कुणीतरी हवं म्हणून अव्वा मागे राहिली.

दवाखान्यात अप्पांची सगळी तपासणी झाली. पट्ट्यावर चालवलं, रक्त काढलं, चित्रं काढली. दुपारचं ऊन कलायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी बोलावलं. तरुण होते, समोरच्याला धीर देत बोलणारे. “काकांचं हृदय पन्नाशीतल्या माणसाला शोभेल असं आहे. घरी घेऊन जा.”

अप्पांनी विजयी मुद्रेनं लेकीकडे पाहिलं. गिरिजाचा जीव भांड्यात पडायला हवा होता, तो पडेना. आज गुरुवार. सोंग आत्ता, याच वेळी त्या बटणापाशी बसलं होतं. “डॉक्टर, तुम्ही नीट बघा. यांना पंधरा दिवस त्रास होतोय. झोप नाही, पाठीत कळ येते, दाढ दुखते. अप्पा, सेवाघर उघडा आणि तुम्ही काय काय वाचत होता ते यांना दाखवा.” तिनं फोन त्यांच्या हातात दिला.

अप्पांनी तो एका बाजूनं पाहिला, दुसऱ्या बाजूनं पाहिला. “हे कुठून चालू करायचं?”

“म्हणजे?”

“मला काय विचारायलीस? हे सगळं अव्वा बघती. बिल, पेन्शन, सगळं. दुपारी चष्मा लावून भरून ठेवती. मी मंडळातनं आलो की संध्याकाळी अंगठा देतो. मला ती अक्षरं दिसत पण नाहीत.”

“आणि पुण्याची हवा?”

“कसली हवा?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. गिरिजानं गावाला वळसा घातला होता आणि कळसा घरी एकटा टाकून आली होती. तिनं सवयीनं ‘घर’ या नावाला फोन लावला. तो अप्पांच्या हातात वाजायला लागला. घरात दुसरा फोन नव्हता. सोंगाच्या गुरुवारात अव्वाच्या हातात निदान तो तरी होता. खऱ्या गुरुवारी तोही लेकीनं उचलून आणला होता.

“त्या दाढदुखीचं कुणाचं सांगत होता तुम्ही?” डॉक्टरांनी विचारलं. त्यांचा धीराचा सूर गेला होता. “घरी कोण आहे? बायकांना पुष्कळदा छातीत दुखतच नाही. जबडा दुखतो, पाठ दुखते, थकवा येतो. ताबडतोब घेऊन या.”

रिक्षात अप्पा सारखे विचारत होते, झालं काय?  सिग्नलला रिक्षा थांबली की गिरिजा उतरून पळायला बघायची आणि अप्पा तिचा दंड धरायचे.

दार नुसतं लोटलेलं होतं. अव्वा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून फरशीवर बसली होती. चेहरा राखेसारखा, पदर घामानं चिंब. गॅस बंद केलेला होता, तेवढं तिनं आठवणीनं केलं होतं.

“आलात?” ती म्हणाली. “ह्यांचं काय म्हणाले डॉक्टर?”

अप्पा तसेच दारात उभे राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला उचलायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती, आणि कुठून धरावं ते त्यांना कळेना. गिरिजानं काखेत हात घातले, मग त्यांनी पाय धरले. रिक्षावाल्याला थांबवूनच ठेवलं होतं. सोलापूरचा माणूस तो, भाड्याची गोष्टही न काढता त्यानं रिक्षा अशी मारली की सात रस्त्याच्या चौकात पोलिसानं हात केला तरी थांबला नाही.

अव्वा वाचली. पण हृदयाच्या स्नायूचा एक भाग मेला तो मेलाच. उरलेल्यावर भागवायचं, असं डॉक्टर म्हणाले. जिना नाही, ओझं नाही, दोन घरं चाललं तरी धाप लागणार. चार दिवस आधी आणलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं, हेही ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले.

रविवारी अव्वाला साध्या खोलीत हलवलं. अप्पा बाहेर बाकावर बसून होते. आत आले की त्यांना रडू यायचं आणि ते अव्वाला आवडायचं नाही. गिरिजानं आईला सगळं सांगून टाकलं, सोंग, पाच दिवस पुढचं घड्याळ, सगळं. नियम गेला खड्ड्यात.

अव्वानं ऐकून घेतलं. “म्हणजे तुझ्या मशीनमध्ये मी होते.”

“होतीस. अप्पांच्या नावानं.”

“हं.”

“तू बटण का दाबत नव्हतीस अव्वा?”

“अंगठा कुणाचा लागतो?”

“मंडळात निरोप धाडायचास. शेजारी सांगायचंस.”

“आणि पित्त निघालं असतं तर?” अव्वा थांबून थांबून बोलत होती. “डाव सोडून आले असते. मग महिनाभर चारचौघांत तेच सांगितलं असतं, हिच्या ढेकरेला गाडी बोलावली म्हणून. त्यापेक्षा म्हटलं, बघू, थांबतंय का.”

गिरिजा तिचा हात चोळत राहिली.

“तुला पाच दिवस आधी कळलं होतं,” अव्वा म्हणाली.

“मला वाटलं, अप्पा आहेत.”

“मी विचारलं होतं की गं तुला. माझी पण होती का म्हणून.”

त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. ती नुसती आठवण करून देत होती. गिरिजाला तिथे बसवेना. ती उठून बाहेर गेली, परत आली, पुन्हा गेली. ती रात्र आणि पुढचा दिवस तिच्या पायांना थारा नव्हता. शेजारच्या खाटेवरची बाई, पलीकडच्या खोलीतली बाई, औषधाच्या खिडकीपाशी नवऱ्याच्या मागे उभी असलेली बाई, प्रत्येकीकडे ती टक लावून बघत होती. शेवटी अव्वाच म्हणाली, “जा तू कामाला. तुझी ही येरझार बघून मला धाप लागायलीय.”

मंगळवारी सकाळी केळुसकर तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. आईची चौकशी केली, मनापासून केली. मग म्हणाले, “शेवटच्या पानासाठी आणखी यंत्रं मागवलीत.”

“परत पाठवा सर. सर्व्हर हळू नाहीच. पान पाव सेकंदात उघडतंय. उशीर घरात आहे.”

“काय?”

“अर्ज भरणारी एक आहे आणि अंगठा दुसऱ्याचा. ती भरून ठेवते आणि तो येईपर्यंत थांबते. आपण तो वेळ सर्व्हरच्या नावावर मांडत होतो.”

 आपल्या घरचं वीजबिल कोण भरतं हे केळुसकर बहुधा आठवत असावेत. “अंगठा मात्र मीच देतो,” ते स्वतःशीच म्हणाले. मग सावरले. “अहवाल लिही. नियम बदलायला समिती बसेल.”

“सरकारी काम आणि सहा महिने थांब. सर, हे बघा.” तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला. तालमीत येता रविवार चालू होता. रुग्णवाहिकेच्या शेवटच्या पानावर सोंगं थांबलेली होती. लातूरकडची, जळगावची, सावंतवाडीची. भरायची, थांबायची, मागे जायची. “ही पाच दिवसांनी खरी होणार आहेत. मला नावं काढायची आहेत.”

“गिरिजा, सोंगं चुकतात.”

“माझ्या घरचं चुकलं नाही. मी चुकले.”

“ऐक माझं.” त्यांचा आवाज खाली खाली गेला. “आपण आत डोकावतो हे एकदा बाहेर फुटलं, की चाळीस हजारांतली चारशे घरंसुद्धा राहणार नाहीत. मग आपण आंधळे. मग एक दिवस सर्व्हर पडेल आणि अंगठा असलेल्यालाही गाडी मिळणार नाही. त्या दिवशी किती मरतील, त्याचा हिशेब तू देणार आहेस?”

ते खोटं बोलत नव्हते, हे गिरिजालाही कळत होतं.  तिनं फक्त सोंगांकडे बोट केलं. “त्या दिवसाचा हिशेब मला माहीत नाही सर. हा रविवार मला दिसतोय.”

“मला वर कळवावं लागेल.”

“कळवा.”

ते खरंच गेले. जाताना दोनदा मागे वळून बघितलं, पण गेले. वरच्या मजल्यावरून माणसं खाली यायला फार वेळ लागणार नव्हता. गिरिजानं किल्ली टाकली. पडद्यानं दोनदा विचारलं, खात्री आहे का, आणि मग तिचं स्वतःचं नाव लाल अक्षरांत नोंदवून घेतलं. काळ्या पट्ट्या उतरायला लागल्या. नुसत्या बायकांची नावं. एखाददुसरा पुरुष, बाकी बायकाच. प्रत्येकीच्या पुढे नंबर मात्र नवऱ्याचा, मुलाचा, सासऱ्याचा.

तिनं पहिला नंबर लावला.

“कोण?” जाडाभरडा पुरुषी आवाज आला. मागे टीव्ही चालला होता.

“सेवाघरातून बोलतेय काका.”

“बोला. खातं माझ्याच नावावर आहे.”

“हो, दिसतंय मला. फोन जरा घरातल्या काकूंना देता का?”

“तिला कशाला? तिला त्यातलं काही समजत नाही. काय असेल ते मला सांगा.”

“त्यांच्याशीच काम आहे.”

पलीकडे कुरकुर झाली. अगं ए, तुला फोन आहे, मला काय माहीत कुणाचा, असं काहीबाही. भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पदराला हात पुसत यावा तसा थोडा वेळ गेला. जिन्यावर पावलं वाजायला लागली होती. गिरिजानं तिकडे पाठ केली.

“हॅलो?” बाईचा आवाज आला. दबकत, चुकून आपल्याला फोन आलाय अशा समजुतीनं.

“काकू, तुम्हाला काय होतंय?”

पलीकडे टीव्हीचा आवाज लांब लांब जायला लागला. मग एक दार बंद झालं.

“पाठीत कळ येती,” ती बाई हळूच म्हणाली. “पण आमच्या ह्यांना सांगू नका.”